‘ग्रुपवर टाकलं होतं’ म्हणजे कळवलं असं नव्हे

अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला वाहतुकीसाठी खुली झाली आणि सगळ्या मुंबईला दिसलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिला येऊन मिळतच नाही. दोघांच्या उंचीत दीड-दोन मीटरचा फरक. पूर्वी जुहूकडून येणारी गाडी बर्फीवालावरून सरळ गोखले पुलावर जायची आणि रूळ ओलांडून पूर्वेला उतरायची. आता एक पूल वर, एक खाली, मधे हवा. पुढे कितीतरी दिवस लोकांना विनोदाला दुसरा विषय लागला नाही. मग व्हीजेटीआय हे मुंबईतलं जुनं अभियांत्रिकी कॉलेज आणि आयआयटी मुंबई, दोन्हींच्या तज्ज्ञांना विचारून बर्फीवालाच उचलायचं ठरलं. हायड्रॉलिक जॅक लावून त्याचा टोकाचा भाग एका बाजूला १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर वर घेतला, आणि ४ जुलै २०२४ ला हा जोड गाड्यांसाठी उघडला.

इंजिनिअरांना वेड्यात काढणं सोपं होतं आणि ते मनसोक्त झालं. पण उभा उड्डाणपूल जवळजवळ दीड मीटर उचलून पुन्हा नीट बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. हे ज्यांना जमतं त्यांना साधी बेरीज-वजाबाकी येत नव्हती असं कसं म्हणायचं? जुन्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ ला रुळांवर कोसळला होता आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल पूर्ण बंद झाला. रुळांवरचा भाग पाडायचं काम पश्चिम रेल्वेचं, नवा बांधायचं काम महापालिकेचं. रुळांपासून पुलाची उंची किती हवी याचा रेल्वेचा नियम मधल्या काळात बदलला होता, म्हणून नवा पूल उंच घ्यावा लागला, असं पालिकेनं सांगितलं. हे स्पष्टीकरण मी शंभर टक्के खरं धरतो. आणि ते खरं धरलं की खरा प्रश्न समोर येतो. पूल उंच होणार हे आराखडा करणाऱ्याला ठाऊक होतं. बर्फीवाला कुठे येऊन मिळतो हे अंधेरीतल्या कुठल्याही रिक्षावाल्याला ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकत्र होऊन, ज्याला निर्णय घ्यायचा होता अशा एका माणसाच्या टेबलावर, गर्डर म्हणजे पुलाच्या मुख्य तुळया चढायच्या कितीतरी आधी पडायला हव्या होत्या. त्या पडल्या असत्या तर जॅकची गरज गर्डर चढायच्या आधीच कळली असती आणि काम त्या हिशेबानं आखता आलं असतं.

मेल्विन कॉनवे या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की एखादी संस्था जी यंत्रणा उभारते, तिची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या बोलाचालीसारखीच निघते. सॉफ्टवेअरवाले हे सूत्र आजही पाठ म्हणतात. बांधकामात ते म्हणायची गरजच पडत नाही, डोळ्यांनी दिसतं. दोन कार्यालयं जिथे एकमेकांना भेटत नाहीत नेमका तिथेच डांबर खचतं, चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं वर राहतं, पावसाळी गटार उलट्या उताराला लागतं.

अशा प्रत्येक फजितीनंतर निदान ठरलेलं: समन्वयाचा अभाव. औषधही ठरलेलं: संवाद वाढवा. समन्वय समिती नेमा, दर मंगळवारी आढावा घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढा. खासगी कंपनी असेल तर लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवर संवादकौशल्याची दोन दिवसांची कार्यशाळा. तिथे आधी कौतुक करा मग चूक सांगा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला, असलं काही शिकवतात आणि जेवण बरं असतं.

मला हे निदानच पटत नाही. आपल्या प्रकल्पांत बोलणं कमी नाही, उतू जातंय. पाच जणांच्या टीममध्ये दोघा-दोघांच्या जोड्या होतात १०. दहा जणांत ४५. पन्नास जणांत १,२२५. ‘सगळ्यांना सगळं कळू द्या’ म्हणणारा माणूस या १,२२५ वाटांवरून रोज निरोप फिरवायला सांगत असतो, आणि कोणता निरोप कोणाचा हे त्यात कोणालाच कळत नाही. कमतरता आहे ती निराळ्याच गोष्टीची. निरोप पोचला, समजला आणि अमुक एका माणसानं तो अंगावर घेतला, याचा पुरावा आपण कुठेच मागत नाही. पाठवल्याचा पुरावा मात्र प्रत्येकाच्या खिशात असतो.

सरकारी फाईल ज्यांनी हाताळली आहे त्यांना ही कला नवी नाही. खालचा अभियंता अडचण नोंदवून टिपणी लिहितो आणि शेवटी ‘माहितीस्तव सादर’. ‘निर्णयास्तव’ लिहिलं असतं तर वरच्याला निर्णय घ्यावा लागला असता, म्हणून माहितीस्तव. वरचे साहेब वाचतात, पाणी कुठे मुरतंय ते ओळखतात आणि समासात दोनच शब्द लिहितात: ‘चर्चा करावी’. चर्चा होते, चहा होतो, आणि फाईलवर पुढची ओळ उमटते ती अशी: ‘चर्चेनुसार पुढील कार्यवाही प्रस्तावित.’ चर्चेत कोण काय म्हणालं, कोणी नको म्हटलं, कोणता धोका सांगितला गेला होता, याचा मागमूस नाही. उद्या काही बिनसलं तर खालचा म्हणणार, मी सादर केलं होतं. वरचा म्हणणार, मी चर्चेला बोलावलं होतं. दोघंही खरंच बोलत असतात, हीच तर गंमत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपनं हीच सोय साइटवरच्या सगळ्यांना करून दिली. ज्युनिअर इंजिनिअर सकाळी साडेसातला फोटो टाकतो. पायाच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी, कडेला एक जुना लोखंडी पाइप उघडा पडलेला. नकाशात त्याचा पत्ता नाही. खाली लिहिलेलं: ‘सर पाइपलाइन लागली आहे, पुढे काय करू.’ ग्रुपात चाळीस जण. तिघांचा अंगठा, एकाचं ‘नोटेड’, एकाचे जोडलेले हात. मग कोणाचा तरी वाढदिवस निघतो, केकची चित्रं येतात आणि खड्ड्याचा फोटो वर सरकून दिसेनासा होतो. पूर्वी सावकाराच्या वहीत अंगठा उठवला की कर्ज मानगुटीवर बसायचं. आता अंगठा दिला की सुटका. दुपारपर्यंत कोणाचंच उत्तर येत नाही, जेसीबीचं भाडं तासावर चालू असतं, म्हणून ठेकेदार खोदाई पुढे रेटतो. पाइप फुटतो, दोन वॉर्डांचं पाणी बंद होतं, आणि चौकशीत प्रत्येकाचं उत्तर तयार असतं: ग्रुपवर टाकलं होतं.

त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं विचारलं होतं. पण विचारलं चाळीस जणांना, म्हणजे कोणालाच नाही.

याच्या अगदी उलट पद्धत आपल्याच रेल्वेत वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि प्रकल्प व्यवस्थापनाच्या वर्गात तिचं नाव कोणी घेत नाही. काही लेव्हल क्रॉसिंगवर इंटरलॉकिंग नसतं. म्हणजे फाटक उघडं असताना सिग्नल मिळूच नये अशी यांत्रिक सोय तिथे नसते. सगळी भिस्त फोनवर. गाडी यायची झाली की स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून कुठली गाडी, कुठून येते ते सांगतो. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो, आणि मग फोनवर एक आकडा सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. गेटमनजवळ छापील तक्ता असतो, त्यात दोन आकडी संख्या कुठलाही क्रम न लावता छापलेल्या. वापरलेली संख्या खोडायची, पुढच्या गाडीला पुढची. मास्तर तो आकडा आपल्या रजिस्टरमध्ये लिहून घेतो आणि त्यानंतरच सिग्नल देतो.

या साध्या व्यवस्थेत किती विचार भरलाय बघा. ‘हो साहेब’ म्हणून इथे भागत नाही. ‘नोटेड’ चालत नाही. पुढचा आकडा कोणता हे मास्तरला माहीत नसतं, त्यामुळे फोन न करताच रजिस्टर भरून टाकायची सोय त्याला नाही. गेटमन आकडा देतो तो निरोप ऐकल्याबद्दल नव्हे, फाटक लावल्याबद्दल. नंतर कधीही तक्ता आणि रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवले की कोणत्या गाडीला काय बोलणं झालं ते उघड होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: रेल्वेच्या उतरंडीत गेटमन अगदी खालचा. पण त्यानं आकडा दिला नाही तर सिग्नल मिळत नाही, गाडीत कोणीही बसलेलं असो. मास्तरच्या हुद्द्याचा तिथे काही उपयोग नाही.

म्हणून ‘आपल्याकडे मोठ्यांना नाही म्हणायची रीत नाही, त्यामुळे वाईट बातमी वर जात नाही’ हे जे मॅनेजमेंटवाले सांगत फिरतात ते मला अर्धवट वाटतं. गेटमनही याच मातीतला. घरी वडिलांपुढे तोही मान वर करत नसेल. पण त्याच्या हातात तक्ता दिलाय, आणि आकडा नाही तर गाडी नाही असा नियम पाठीशी आहे, म्हणून तो थांबवू शकतो. रीत आड येत नाही. आड येतं ते हे की आपल्या इतर कामांत खालच्या माणसाला असा आकडाच दिलेला नाही.

आणि ज्यांच्याकडे साहेबालाही पहिल्या नावानं हाक मारतात, त्यांचं काय? १६ जानेवारी २००३ ला अमेरिकेच्या नासाचं कोलंबिया हे अंतराळयान उडालं. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. चित्रफितीत तो दिसला होता. नुकसान किती झालं याचा अंदाज घेणाऱ्या अभियंत्यांना कक्षेत फिरणाऱ्या यानाची छायाचित्रं हवी होती. ती मागणी वरून थांबवली गेली. एका अभियंत्यानं खडसून ई-मेल लिहिली, सहकाऱ्याला दाखवली, आणि पाठवली नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं. कल्पना चावलासह सात जण गेले.

चौकशी मंडळानं त्या काळातली एक स्लाइड अहवालात छापली आहे. मथळ्याचा सूर धीर देणारा: चाचण्यांचे आकडे सुरक्षित बाजूला झुकलेले आहेत, अशा अर्थाचा. त्याखाली मोठे मुद्दे, त्याखाली छोटे, त्याखाली आणखी छोटे. आणि तळाशी, सर्वांत बारीक पातळीवर, खरी गोष्ट: आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा, आणि चाचण्या झाल्या होत्या ३ घन इंचांच्या तुकड्यांवर. म्हणजे ६४० पट. जो हिशेब ६४० पट लहान तुकड्यावर बेतलाय तो इथे लागू पडतो की नाही हे कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि नेमकं तेच वाक्य मथळ्यात हवं होतं. ज्यांनी स्लाइड केली त्यांनी लपवलं काहीच नाही. सगळं ‘सादर’ केलं होतं. आपल्या ‘माहितीस्तव सादर’मध्ये आणि यात मला फारसं अंतर दिसत नाही.

नासाचंच आणखी एक उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण अर्धंच. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी पोचून नाहीसं झालं. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीचं सॉफ्टवेअर यानाला बसणाऱ्या धक्क्यांचा हिशेब पाउंडात देत होतं, मोहीम चालवणाऱ्या जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेतली मंडळी तो न्यूटनात आहे असं धरून चालली होती. दर वेळी ४.४५ पटीचा फरक. यान मंगळाच्या फार जवळून, सुमारे ५७ किलोमीटरवरून गेलं. शाळेतल्या मुलांना ‘एकक लिहायला विसरू नका’ म्हणून ही गोष्ट सांगतात. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र मोठ्या माणसांनी ऐकण्यासारखा आहे. प्रवासाच्या त्या साडेनऊ महिन्यांत मार्ग ठरवणाऱ्या लोकांना आकडे जुळत नाहीत हे जाणवलं होतं. ते एकमेकांशी ई-मेलवर बोलले. पण विसंगती नोंदवायची जी रीतसर पद्धत होती, जिच्यात नोंद केली की ती कोणीतरी सोडवून बंद करेपर्यंत उघडी राहते, त्या पद्धतीत ती गेली नाही. मेलला उत्तर दिलं की मेल संपते. नोंद तशी संपत नाही.

म्हणजे संवाद होता. तो चुकीच्या जागी होता.

ऱ्हाइन नदीवरच्या लाउफेनबुर्गच्या पुलाची गोष्ट तर आणखी मासलेवाईक. जर्मनी आणि स्वित्झर्लंड समुद्रसपाटी वेगवेगळ्या समुद्रांवरून मोजतात, त्यात २७ सेंटिमीटरचा फरक पडतो, हे दोन्हीकडच्या अभियंत्यांना माहीत होतं. त्यांनी ते धरलंही. फक्त अधिकच्या जागी उणे धरलं गेलं आणि २००३ मध्ये बांधकाम चालू असताना कळलं की दोन टोकांत ५४ सेंटिमीटरचा फरक आहे. इथे आकडा पोचला होता. ‘म्हणजे तुमची बाजू वर घ्यायची की खाली?’ एवढं दुसऱ्याकडून वदवून घेतलं गेलं नाही.

आता आयटीकडे वळतो, कारण हा लेख वाचणाऱ्यांतले निम्मे तरी हिंजवडी, खराडी नाहीतर न्यू जर्सीत बसलेले असणार. तिथे प्रकल्पाची तब्येत रंगांत सांगतात. हिरवा, पिवळा, लाल. आणि मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत हिरवा असलेला प्रकल्प नोव्हेंबरात, ग्राहकाची चाचणी तोंडावर आली की, एका रात्रीत लाल होतो. पिवळा मधे कधी लागलाच नाही! असं का होतं हे समजायला मानसशास्त्र नको. लाल दाखवला की त्याच दिवसापासून रोज संध्याकाळी साडेसातला जादा कॉल, दर चार तासांनी अहवाल, वरून दोन ‘मदतीला’ आलेले वरिष्ठ ज्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं. आणि हे सगळं कोणी करायचं? ज्यानं लाल दाखवला त्यानंच. ज्याचा वेळ आधीच कमी पडत होता त्याचा उरलासुरला वेळही त्यातच जातो. शहाणा माणूस म्हणतो, होऊन जाईल, बघू, पुढच्या आठवड्यात सांगू. माझ्या मते तो खोटारडा नाही. वाईट बातमीवर कंपनीनं दंड बसवलाय आणि तो दंड वाचवतोय इतकंच.

मी काम केलेल्या एका ठिकाणी एका बाईंनी हा दंड उलटा फिरवला होता. त्या आमच्या डिलिव्हरी मॅनेजर. कोणी लाल दाखवला की पहिले दोन दिवस त्याला एकच प्रश्न विचारायचा, ‘काय हवंय?’ का झालं, कसं झालं, आधी का नाही सांगितलंस, हे सगळं तिसऱ्या दिवसानंतर. आणि जो हिरवा दाखवून नंतर थेट लालवर आला त्याला मात्र पहिल्या मिनिटापासून सगळे प्रश्न. बाईंचा आवाज कधी चढला नाही, पण लोक हळूहळू पिवळा दाखवायला लागले. कार्यशाळा एकही झाली नाही. त्या गेल्यावर नवे साहेब आले, रोज संध्याकाळचा कॉल परत सुरू झाला आणि सगळे प्रकल्प पुन्हा हिरवेगार.

एखाद्या भल्या माणसावर अवलंबून असलेली पद्धत त्याच्याबरोबर निघून जाते, हा त्यातला धडा मला महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच कोकण रेल्वेची आठवण काढताना सगळं श्रेय तिचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या स्वभावाला देण्यात आपण चूक करतो. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्यातल्या अडचणी काही थोड्या नव्हत्या. गोव्यात तर मार्गावरून वाद इतका पेटला की काम थांबवून आयोग बसवावा लागला. पण रचना बघा. सगळ्या मार्गाचे सात भाग, प्रत्येकाला एक मुख्य अभियंता, त्याच्या हद्दीतलं बरंवाईट त्याचं. चाळीस हजारांहून जास्त जमीनमालकांकडून जमीन घ्यायची होती, तिथे नोटिसा धाडून न थांबता अभियंतेच दारोदार जाऊन बोलले. आणि श्रीधरन यांच्या प्रकल्पांत भिंतीवर उलटी घड्याळं असायची: काम संपायला किती दिवस उरले तेवढंच दाखवणारी. मला त्या घड्याळात धाक दिसत नाही, सोय दिसते. उशीर होतोय ही बातमी तिथे कोणी वर न्यायचीच गरज नव्हती. ती भिंतीवर लटकत होती, सगळ्यांच्या आधी साहेबांना दिसत होती.

सार्वजनिक कामांत आज बातमी वर न जाण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते कायद्याच्या बाजूचं आहे, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. बी-१ असो की बी-२ (सरकारी निविदांचे हे दोन ठरलेले नमुने), निविदेचं काम सुरू झालं की ठेकेदार आणि खातं यांच्यातला पत्रव्यवहार बहुतेक वेळा उद्याच्या भांडणाकडे नजर ठेवून चालतो. ‘आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की’ या वाक्यानं सुरू होणारं पत्र अडचण सुटावी म्हणून क्वचितच लिहिलेलं असतं; पुढे दावा लावताना पुरावा हवा म्हणून ते लिहितात. खात्याचं उत्तरही तसंच, ‘सदर बाब निविदेतील अटींनुसार आपल्या जबाबदारीची आहे.’ दोन्ही बाजूंची फाईल जाड होत जाते आणि साइटवरचा खड्डा आहे तसाच.

ब्रिटनमध्ये रुळलेल्या एनईसी नावाच्या कंत्राट-नमुन्यात यावर उपाय शोधलाय. खर्च वाढेल, उशीर होईल किंवा काम बिघडेल असं काही कळलं की ते कळताक्षणी दुसऱ्याला सांगणं हे ठेकेदाराला आणि मालकाच्या प्रकल्प व्यवस्थापकाला, दोघांनाही बंधनकारक. अशा सूचनांची एक वही राहते, तिच्यावर दोघांनी बसून बोलायचं, कोण काय करणार ते लिहायचं. आणि गोम इथे आहे: ठेकेदाराला आधी कळू शकत होतं पण त्यानं सांगितलं नाही असं ठरलं, तर भरपाईचा हिशेब त्यानं वेळेवर सांगितलं असतं तर जेवढा खर्च आला असता तेवढ्यावरच होतो. म्हणजे गप्प बसणं महाग. आपल्याकडे गप्प बसणं स्वस्त आहे आणि बोलणं महाग, आणि मग आपण संवादकौशल्याच्या कार्यशाळा भरवतो.

माझं मागणं मोठं नाही. रस्त्याच्या कामाजवळ फलक असतो, त्यावर कामाचं नाव, अंदाजित रक्कम, ठेकेदार, कालावधी आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानं किती काळ दुरुस्त करून द्यायचं ते, लिहिलेला असतो. त्याच फलकावर आणखी दोन-तीन ओळी हव्यात. हे काम दुसऱ्या कोणत्या कामाला किंवा खात्याला कुठे जाऊन भिडतं, आणि त्या जोडाचा एक अधिकारी कोण. समितीचं नाव चालणार नाही. ‘संबंधित विभाग’ तर मुळीच नाही. पाण्याची लाइन, वीजवाहिनी, रेल्वेची हद्द, जुना पूल, प्रत्येकाशी भिडण्याच्या जागेला एक माणूस. त्याच्याकडे नोंदवही, आणि त्या वहीतली नोंद तो बंद करेपर्यंत उघडी.

यावर पहिला आक्षेप मला ऐकू येतोय: असं नाव लावलं की उद्या काही झालं की त्या बिचाऱ्या उपअभियंत्याचा बळी जाणार. आक्षेप खरा आहे. नाव लावून अधिकार दिला नाही तर ती बळीची तयारीच ठरते. म्हणून ज्याचं नाव लागेल त्याला काम थांबवायचा अधिकार हवा, तोही कोणाची मान्यता न घेता, निदान अठ्ठेचाळीस तासांसाठी. गेटमनला असतो तसा. तो नसेल तर फलकावर नाव लावूच नये.

दुसरा आक्षेप लालफितीचा: आधीच कागद काय कमी आहेत? कागद कमीच होतील असं माझं म्हणणं. चाळीस जणांना पाठवलेल्या प्रती, ‘माहितीस्तव’ची पत्रं, दर मंगळवारचं इतिवृत्त जे पुढच्या मंगळवारी फक्त ‘कायम करण्यासाठी’ उघडतात, यातलं बरंचसं एका नीट ठेवलेल्या वहीनं बंद करता येईल. फोनवर बोलायलाही हरकत नाही. रेल्वेत तर सगळं फोनवरच होतं. बोलून झाल्यावर आकडा तेवढा लिहायचा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो, तो बदल्यांचा. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा. प्रकल्प चालतो सहा-सहा, आठ-आठ वर्षं. ज्यानं जोड अंगावर घेतला तो बदलून नागपूरला जातो, नव्याला काही ठाऊक नसतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यावर मला एकच उपाय सुचतो. कार्यभार देताना-घेताना आज मोजमाप पुस्तकं किती, कपाटं किती, गाडीच्या चाव्या कोणाकडे, हे लिहून दोघं सह्या करतात. त्याच कागदाला न सुटलेल्या जोडांची यादी लावावी, प्रत्येक जोडापुढे जुन्यानं काय केलं आणि काय राहिलं ते लिहावं, नव्यानं ते आपल्या शब्दांत परत लिहावं आणि मग दोघांनी सह्या कराव्यात. यादी नसेल तर कार्यभार न स्वीकारण्याची मुभा नव्याला असावी. यासाठी विधिमंडळात जायची गरज पडू नये. खात्याच्या सचिवांच्या सहीचं एक परिपत्रक पुरेल.